ढिगात विकलेली हत्यारे

बिदर जिल्ह्यातल्या कमलनगर, भालकी, औराद या पट्ट्यात जुना वाडा उतरवला की त्याची विक्री बहुधा एकाच क्रमाने होते. सागवानी तुळया मोजून जातात. नक्षीची चौकट आणि दारे शहरातले व्यापारी उचलतात. तांब्यापितळेची भांडी वजनावर मोडीत निघतात. शेवटी अडगळीच्या खोलीतला ढीग उरतो: वाकवलेले लोखंड, भोके पाडलेली लाकडे, दांडे निखळलेली पाती. हा सगळा ढीग एकाच बोलीत सुटतो. घेणारा तो घरी नेऊन पसरतो आणि मग एकेक वस्तू उलटसुलट करून पाहू लागतो. हे कशाचे? कोण वापरत होते? धरायचे कसे?

हे प्रश्न मला फार मोलाचे वाटतात. त्यांची उत्तरे शोधताना आपण ज्या ज्ञानापाशी पोहोचतो ते कुणी कधी लिहून ठेवलेले नाही.

वस्तू स्वतः काही कमी बोलत नाही. पात्याची धार एकाच अंगाने उतरवलेली असेल तर ते बहुधा तासण्याचे किंवा छिलण्याचे हत्यार. सुताराचा वाकस, रंध्याचे पाते, पटाशी ही त्या जातीची. दोन्ही अंगांनी उतरवलेली धार तोडायच्या, फोडायच्या कामाची. दांडा जिथे गुळगुळीत झाला असेल तिथे हात होता, आणि झीज एका बाजूला जास्त असेल तर उजव्या-डाव्या हाताचाही अंदाज येतो. बुडाशी तीन भोके असलेले एक लाकडी वाडगे हाती येते. द्रवासाठी ते निरुपयोगी, धान्य साठवायलाही नाही. पण भोके तीनच का, असे विचारले की तिफणीचे तीन फण आठवतात. ते चाडे आहे. त्या भोकांना पोकळ नळ्या जोडलेल्या असत, आणि चाड्यावर मूठ धरणारी बाई बैलांच्या चालीबरोबर बोटांमधून बी सोडत जाई. तूर असो की ज्वारी, रान दाट उगवणार की विरळ, हे तिच्या मुठीवर ठरे. तसेच लोखंडाचे चपटे, अर्धचंद्राकृती तुकडे. घोड्याच्या नालेच्या मानाने ते फारच लहान. ती बैलाची पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन आणि एका बैलाला आठ.

मात्र नुसत्या निरीक्षणाने इथवरच जाता येते. चाडे ओळखता येते, मूठ कशी सुटत होती ते लाकडातून कळत नाही. आणि ढिगात तर चाडे तिफणीपासून तुटलेले असते, नळ्या कुठे गेल्या त्याचा पत्ता नसतो, शेजारी भलत्याच कारागिराची हत्यारे पडलेली असतात. हत्याराची खरी ओळख त्याच्या शेजारात असते, आणि लिलाव नेमका तोच शेजार मोडतो.

याची विरुद्ध बाजू आपल्याच भागात पाहायला मिळते. पूर्वीच्या गुलबर्गा आणि आताच्या यादगीर जिल्ह्यात हुणसगीजवळ इसामपूर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी तिथे अश्मयुगीन माणसाची हत्यारे घडवण्याची जागा शोधून काढली आणि तिचे उत्खनन केले. चुनखडीच्या लाद्या, त्या फोडायचे दगडी हातोडे, उडालेल्या कपच्या, अर्धवट सोडलेल्या आणि पुऱ्या झालेल्या हातकुऱ्हाडी, सगळे जिथल्या तिथे होते. म्हणून कोणती लादी निवडली, घाव कुठे घातला, काम कुठे सोडून दिले, हा सगळा क्रम अभ्यासकांना मांडता आला. प्राण्यांच्या दातांवरून या जागेचे वय सुमारे 12 लाख वर्षे काढले गेले. आपल्या पणजोबांचे हत्यार शंभर वर्षांचेही नसेल, तरी ते हातात घेऊन आपण गोंधळतो; आणि 12 लाख वर्षांपूर्वीच्या दगडाचा मात्र पुरा जबाब मिळतो. काळाने जेवढे पुसले नाही तेवढे आपण ढीग करून पुसतो.

युरोपातही हा अनुभव आहे. रोमन काळातल्या कांस्याच्या पोकळ, बारा बाजूंच्या वस्तू तिथे शंभराहून अधिक सापडल्या आहेत. त्यांचा उपयोग आजही ठरलेला नाही, कारण त्या काळच्या कोणत्याही लेखनात त्यांचा उल्लेख नाही. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्टन डिस्नी गावी अशी एक वस्तू पुरलेल्या जागीच, शाबूत मिळाली, तेव्हा अभ्यासकांना त्या जागेचेच विशेष अप्रूप वाटले.

आपल्याकडे लेखन भरपूर होते, पण ते कशाचे होते? त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ 1915 मध्ये प्रसिद्ध झाले. सुतार, लोहार, चांभार, कुंभार यांचे गावाशी असलेले देणेघेणे समजून घ्यायला ते आजही हाताशी लागते. गावच्या दप्तरांत कुणाचा हक्क किती, हे टिपलेले असे. लोहाराने ऐरणीवर फाळ कसा शेवटला, चांभाराने रापी कोणत्या कोनात धरली, हे टिपायची गरज लिहिणाऱ्यांना वाटली नाही. लिहिणारे हात आणि घडवणारे हात वेगळे होते. घडवणाऱ्यांची विद्या बापाकडून मुलाकडे हातोहात गेली, आणि मुलाने शहराची वाट धरली तिथे थांबली. म्हणून अनोळखी हत्यार ओळखणे हा मला छंदापेक्षा ऋणफेडीचा भाग वाटतो.

आपल्या भागात या गुंत्याला आणखी एक पदर आहे. 1956 मध्ये हैदराबाद संस्थानाचा प्रदेश तीन राज्यांत वाटला गेला. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद म्हैसूरकडे आले. त्याच वर्षीच्या कायद्याने दशमान वजनमापांची वाट मोकळी झाली आणि शेर, पायली, मापटे व्यवहारातून निघाले. ढिगातले लोखंडी माप चार शेरांची पायली आहे की आणखी काही, हे सांगायला बाजारात ते माप भरलेला माणूस लागतो. पण सुतार आणि लोहार यांनी सीमा पाहून हत्यारे बदलली नाहीत. कमलनगरच्या बाजारात मराठी, कन्नड, दखनी आणि लमाणी बोलणारी म्हातारी माणसे अजून भेटतात. त्यांना वस्तूचे नाव विचारत बसू नये. वस्तू हातात द्यावी. ज्याने ती वापरली आहे त्याची बोटे आपोआप जागेवर जातात, मनगट वळते, आणि मग बोलणे सुरू होते.

हे काम एकट्याने होऊ शकते, याचा दाखला पुण्यात आहे. दिनकर केळकरांनी राजवाड्यांतल्या वैभवापलीकडे पाहून अडकित्ते, दिवे, करंडे, स्वयंपाकघरातली साधने जमवली. त्यांच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज 20 हजारांहून अधिक वस्तू आहेत. रोजच्या वापरातली वस्तू जपण्याच्या लायकीची आहे, हे त्यांनी मराठी समाजाला दाखवून दिले. आणि बिदर शहरात बिदरीचे कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर अजून कलमाने नक्षी कोरतात, तिच्यात चांदीची तार बसवतात, किल्ल्यातली माती आणि नवसागर वापरून काळा रंग चढवतात. त्यांच्या कलमाची ओळख कुणाला शोधावी लागत नाही. ते हातात आहे.

तेव्हा लिलावात बोली लावणाऱ्याने पैसे मोजण्याआधी चार गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: वस्तू कोणत्या खोलीत होती, तिच्या शेजारी काय होते, घरात कोणता धंदा चाले, ती शेवटची कुणी वापरली. वाडा विकणाऱ्यानेही ढीग करण्याआधी एक फोटो काढावा. गावच्या शाळेने मुलांना एखाद्या आजोबांकडे पाठवून हत्यार धरलेल्या हातांचे चित्रण करून ठेवावे. त्यासाठी मोबाइल पुरतो. लोखंड आणखी शंभर वर्षे टिकेल. ते वापरलेले हात तेवढी वाट पाहणार नाहीत, म्हणून आधी त्यांच्याकडे जायला हवे.