देवाची शेज आणि आपली झोप

सज्जनहो, झोप म्हटली की आपल्या माळकरी मंडळींच्या कपाळाला आठी पडते. झोप म्हणजे आळस, झोप म्हणजे तमोगुण, झोप म्हणजे नामाची चोरी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कीर्तनात कोणी पेंगला की बुवा टोमणा मारतात आणि सारा मंडप हसतो. हसावे, त्याला हरकत नाही. परंतु तो गडी रात्रभर उसाला पाणी धरून, नाहीतर कारखान्यातली पाळी उरकून आलेला असतो, हे कोणी विचारीत नाही. म्हणून या खेपेस आम्ही झोपेचाच विचार मांडणार आहोत, आणि साक्ष काढणार आहोत ती खुद्द पंढरीच्या राण्याची.

पंढरपुरी देवाला शेजघर आहे. तेथे पलंग आहे, गाद्या-उशा आहेत. रोज रात्री शेजारती होते, आणि पहाटे काकडा. ज्याला भूक नाही, तहान नाही, शीण नाही, त्या जगन्नाथाच्या दिवसालासुद्धा आपल्या वाडवडिलांनी आरंभ आणि शेवट बांधून दिला. झोप जर केवळ तमोगुण असती, तर देवाला शेज कशाला घातली असती?

आता आषाढीची गंमत पाहा. पंचांगात आषाढ शुद्ध एकादशीला शयनी म्हणतात. त्या दिवशी शेषशायी भगवान निजतात ते कार्तिक शुद्ध एकादशीला, प्रबोधिनीला, उठतात. आणि नेमका त्याच वेळी पंढरीचा विठोबा मात्र जागा! यात्रेच्या आधी मुहूर्त पाहून देवाचा पलंग काढतात. शेजारती थांबते. लेकरे उन्हापावसात चालत येत आहेत, मग बापाने कसे निजावे? रात्रंदिवस दर्शन चालते. उभ्याने शीण येईल म्हणून देवाच्या पाठीशी मऊ लोड देतात, रखुमाईमातेला तक्क्या देतात.

पण सज्जनहो, गोष्ट येथे संपत नाही, बरे का! यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून स्नान घालतात, रात्री औषधी काढा देतात, आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. म्हणजे जागरण भक्तासाठी झाले, त्याला मर्यादा राहिली, आणि जागरणाचे देणे विश्रांतीने फेडले गेले. आपण जागरण तेवढे उचलले आणि प्रक्षाळपूजा विसरलो!

आता कोणी म्हणेल, "महाराज, संतांनी तर जागे व्हा म्हणून कंठशोष केला." होय, केला. परंतु ते जागेपण डोळ्यांचे नव्हे, विवेकाचे. नुसते डोळे उघडे ठेवण्याने भगवंत भेटता, तर रात्रभर पत्ते कुटणारा पहिला वैकुंठाला गेला असता. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की, जो फार झोपतो त्यालाही योग साधत नाही आणि जो फार जागतो त्यालाही साधत नाही. ज्याचे खाणे, हिंडणे, झोपणे, जागणे बेताचे, त्याचेच दुःख योग हरण करतो. माउलींनी ज्ञानेश्वरीत हाच बेत मराठीत उलगडून दाखविला.

आजचे शास्त्रही याच वाटेवर आले आहे. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना 2017 साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवांच्या शरीरात दिवसरात्रीचे घड्याळ कसे चालते, हे त्यांनी एवढ्याशा फळमाशीवर प्रयोग करून उलगडले. माणसाच्या मेंदूतही तसे घड्याळ आहे, आणि त्याला किल्ली देतो तो उजेड. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचा स्राव वाढतो आणि शरीर निजण्याच्या तयारीला लागते. रात्री उशापाशी मोबाईलचा उजेड डोळ्यांत घेतला की या तयारीत विघ्न येते. प्रौढ माणसाला रात्री 7 तासांची तरी झोप हवी, असे वैद्य सांगतात. दिवसभर ऐकलेले, शिकलेले मनात मुरते तेही झोपेतच. मग पाठ केलेला हरिपाठ मुरावा असे वाटत असेल, तर झोप चोरून कसे चालेल?

निजण्याचे झाले, आता उठण्याचे पाहू. देवाला कोणी गदागदा हलवून उठवीत नाही. काकड्याची मंद ज्योत, टाळांचा हळू ठेका, मग भूपाळी. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी काकडा चालतो तो असाच, अंधारातून हळूहळू उजेडाकडे. माउलींच्या पालखीसोहळ्यातसुद्धा निघण्याची इशारत तीन भोंग्यांनी होते; एकदम कोणाला ओढून नेत नाहीत. आणि आपण? कर्कश घंटा वाजते, तिच्या डोक्यावर थापटी मारतो, पुन्हा निजतो, आणि शेवटी धडपडत उठून घरावर खेकसतो. गाढ झोपेतून एकाएकी ओढून काढलेले मन काही वेळ गुंगीतच राहते. तेव्हा जाग आली की आधी दोन क्षण नाम घ्यावे, उशाचे पाणी प्यावे, खिडकी उघडून उजेड अंगावर घ्यावा, मग जगाचे तोंड पाहावे.

असा उठलेला माणूस दिवसही सावकाश चालवतो. सावकाश म्हणजे रेंगाळत नव्हे. दिंडी रेंगाळत नाही, पण धावतही नाही. विसावा घेत घेत आळंदीहून पंढरीला वेळेवर पोचते. सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही, जनाबाईंनी जाते सोडले नाही, आणि अभंग तेथेच स्फुरले. आमच्या आयाबायांच्या ओव्याही जात्याच्या गतीवरच जन्मल्या. हातांना लय आणि मनाला उसंत मिळाली की वाणीला पालवी फुटते.

आता मुख्य सांगणे. एकादशीचा जागर करून मंडळी पहाटे जीपमध्ये बसतात आणि घराकडे निघतात. मागे सगळे गाढ झोपलेले, आणि चाक ज्याच्या हाती तो रात्रभर जागलेला! माळकरी दारूला शिवत नाही, हे भूषण खरेच. पण सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हातडोळे थोडी दारू घेतलेल्या माणसासारखेच मंदावतात, असे परीक्षणात दिसून आले आहे. त्यातून पहाटेची वेळ म्हणजे झोपेचा भर. तेव्हा आमचे हात जोडून मागणे आहे: गाडी हाकणाऱ्याला जागराला बसवू नका. त्याला मठात, धर्मशाळेत निजवा, आणि त्याचे पुण्य आपल्यातून वाटून द्या.

दुसरे मागणे घरातल्या माउलीसाठी. सर्वांच्या आधी उठते ती, सर्वांमागून आडवी होते ती. दगडाच्या देवाला आपण लोड देतो आणि या चालत्याबोलत्या रखुमाईला तक्क्या कोण देतो? रात्रीची भांडी घरातल्या पुरुषाने घासली, पहाटेचा चहा मुलाने टाकला, तर माळेला विटाळ होत नाही. ती प्रक्षाळपूजाच होय. तसेच रात्रपाळीचा पहारेकरी, दवाखान्यातली परिचारिका, एस.टी.चा चालक यांचा काकडा दुपारी उजाडतो. त्यांच्या निजेच्या वेळी आपला कर्णा बंद ठेवावा. देव काही बहिरा नाही.

तात्पर्य, निजताना दिवस देवाच्या पायी ठेवावा आणि उठताना तो प्रसाद म्हणून परत घ्यावा. मधली झोप त्याच्या मांडीवरची. तेथे आळस कसला आणि भय कसले? या कार्तिकीला पंढरीस जाल तेव्हा पांडुरंगाच्या पाठीचा लोड आठवा, आणि घरी आल्यावर कोणाची पाठ टेकायची राहिली आहे ते पाहा.

रामकृष्णहरि!