ताणलेला दोर

संस्कृतातल्या एका प्रसिद्ध सुभाषिताने आशेची चांगलीच फिरकी घेतली आहे. आशा ही मोठी अजब बेडी, असे ते म्हणते. हिने जखडलेला माणूस धावत सुटतो आणि हिच्यातून सुटलेला पांगळ्यासारखा जागीच बसतो. हिब्रू भाषेलाही असेच काही सुचले, पण तिने बेडीऐवजी दोर निवडला. ‘तिक्वा’ या हिब्रू शब्दाचा एक अर्थ आशा, दुसरा अर्थ दोर. यरीहोच्या राहाबने खिडकीला लाल दोर बांधला आणि त्या खुणेवर तिचे घर वाचले, अशी बायबलमध्ये कथा आहे. तिथे दोरासाठी हाच शब्द येतो.

दोराला दोन टोके असतात. ख्रिस्ती आशेचे एक टोक घडून गेलेल्या गोष्टीला बांधलेले आहे आणि दुसरे अजून घडायच्या गोष्टीला. कोणतेही एक टोक सुटले की दोर जमिनीवर पडतो. नाताळापूर्वीचे चार रविवार, म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसे ज्याला आगमनकाळ म्हणतात तो काळ, हा दोर ताणून धरण्याचा खटाटोप आहे. तो एका दिवसात ठरला नाही. त्याला शतके लागली.

सुरुवात ज्यू लोकांच्या हद्दपारीपासून करावी लागते. इ.स.पू. 586 मध्ये बॅबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम आणि तिथले मंदिर उद्ध्वस्त केले आणि पुष्कळ लोकांना पकडून नेले. त्या लोकांच्या हातात आठवण होती ती एकच : आपल्या पूर्वजांना देवाने मिसरच्या गुलामीतून सोडवले होते. त्या आठवणीच्या जोरावर ते पुढच्या सुटकेची वाट पाहू लागले. मराठीत आपण ‘वाट पाहतो’, म्हणजे शब्दशः रस्त्याकडे डोळे लावून बसतो. यशयाच्या ग्रंथातला हद्दपारीच्या काळाचा संदेष्टा याच्या पुढचे सांगतो. नुसते पाहत बसू नका, अरण्यातून रस्ता काढा, खाचखळगे भरा, उंचवटे सपाट करा, असा त्याचा आग्रह. ख्रिस्ती प्रार्थनासभांत आगमनकाळी आजही हा भाग वाचतात तो उगाच नव्हे.

पहिल्या ख्रिस्ती पिढीला मात्र फार वाट पाहावी लागेल असे वाटलेच नव्हते. येशू लवकरच, बहुधा आपल्या डोळ्यांदेखत, परत येणार अशी त्यांची खात्री होती. ‘मारानाथा’ हा ‘प्रभू, ये’ अशा अर्थाचा अरामी उद्गार प्रेषित पौलाने ग्रीक पत्रात तसाच ठेवला, इतका तो ओठांवर रुळला होता. मग थेस्सलनीकातल्या मंडळींपुढे एक साधा, जीवघेणा प्रश्न आला : तो येण्याआधीच आमची माणसे मरताहेत, त्यांचे काय? इ.स. 50 च्या सुमारास पौलाने त्यांची समजूत घातली. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात कामधंदा सोडून बसलेल्यांची कानउघाडणीही आहे. काम करायचे नसेल तर जेवायलाही बसू नये, इतक्या रोखठोक शब्दांत. आशा आणि आळस यांतला फरक सांगण्याची वेळ इतक्या लवकर आली होती! पुढे पेत्राच्या नावावरच्या दुसऱ्या पत्रात, देवाचा दिवस आणि आपला दिवस एका मापाचे नसतात, असे समजावणे आले. दोर तुटेस्तोवर ताणला गेला होता.

चौथ्या शतकात उलटे संकट आले. छळ थांबला आणि सम्राटच ख्रिस्ती झाला. रोममध्ये 25 डिसेंबरला ख्रिस्तजन्माची नोंद आपल्याला 354 सालच्या एका पंचांगवजा संग्रहात सापडते. सम्राट नगरात वाजतगाजत प्रवेश करी, त्याला लॅटिनमध्ये ‘आद्वेन्तुस’ म्हणत. तोच शब्द ख्रिस्ताच्या येण्यालाही लागला. पण राजाच आपला झाल्यावर वाट कोणाची पाहायची? पुढचे टोक हातातून निसटावे अशी ही सुखाची वेळ, आणि नेमका याच सुमारास आगमनकाळ आकार घेऊ लागला. 380 साली स्पेनमधल्या सारागोसाच्या धर्मसभेने 17 डिसेंबरपासून 6 जानेवारीपर्यंत कोणी चर्चला दांडी मारू नये, असा नियम केला. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर नगरीचे बिशप पर्पेतुउस यांनी 11 नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास सांगितले. रोममध्ये चार रविवार ठरले, ते परंपरेने पोप ग्रेगरी यांच्या नावावर जमा आहेत. मिलानमध्ये मात्र आजही सहा आठवडे पाळतात.

या काळाची रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या रविवारच्या वाचनात गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, बाळ तर नाहीच. तिथे जगाच्या शेवटाची भाषा आहे : जागे राहा, घरधनी केव्हा येईल सांगता येत नाही. सणाची तयारी शेवटापासून सुरू होते. कॅथलिक मिस्सामध्ये रविवारी एरवी गायले जाणारे देवदूतांचे गौरवगीत या चार रविवारी गात नाहीत. ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. उपास फक्त पोटाला नसतो, कानालाही असतो.

बाराव्या शतकात क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार्ड याने या दोराला मध्ये एक गाठ मारली. ख्रिस्ताचे येणे दोन नव्हे, तीन, असे तो सांगू लागला. पहिले देह धरून, शेवटचे वैभवाने, आणि या दोहोंमध्ये एक गुपचूप येणे, माणसाच्या अंतःकरणात. पहिले पाहायला आपण नव्हतो, शेवटच्याची तारीख ठाऊक नाही. रोजच्या जगण्याला उपयोगी पडते ते मधले. भक्तिपरंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला ही गाठ परकी वाटणार नाही.

मराठीतही हा विचार लवकर आला. इंग्लंडहून गोव्यात आलेला जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिले पुराण सगळे जुन्या कराराचे, म्हणजे तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्यांचे. येशूच्या जन्मापर्यंत पोचायला हजारो ओव्या चालून जावे लागते. श्रोत्याला आधी ताटकळत ठेवल्याशिवाय जन्माचा आनंद कळणार नाही, हे पुराण ऐकवणाऱ्याचे कसब स्टीफन्सने नेमके उचलले.

एकोणिसाव्या शतकात ही आशा पोरांच्या हातात आली. हॅम्बर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न गरीब, निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, ही मुलांची भुणभुण संपेना. 1839 साली त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. रोजची एक लहान, रविवारची मोठी. आज चर्चमध्ये दिसणाऱ्या चार मेणबत्त्यांच्या चक्राचे मूळ ते. किती दिवस उरले, या प्रश्नाचे उत्तर रोज थोड्या जास्त उजेडात मिळू लागले.

पण या कल्पनेची खरी परीक्षा बर्लिनच्या टेगेल तुरुंगात झाली. 1943 च्या आगमनकाळाच्या तोंडावर नाझींच्या कैदेतला धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर याने मित्राला लिहिले, की तुरुंगाची कोठडी आगमनकाळासारखीच असते. आत माणूस आशा करतो, काहीबाही करत राहतो, पण दार बाहेरूनच उघडते. पुढच्याच वर्षी, त्याच तुरुंगात, आल्फ्रेड डेल्प या जेझुइट धर्मगुरूने बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकाळावर चिंतन लिहिले. 2 फेब्रुवारी 1945 रोजी डेल्पला फाशी दिली गेली, 9 एप्रिलला बोनहोफरला. दोघांचीही दारे उघडली नाहीत. सुभाषितातली बेडी इथे लोखंडाची होती, आणि तरीही धावणारा माणूस आतलाच होता.

त्याच फेब्रुवारीत युर्गेन मोल्टमान नावाचा अठरा वर्षांचा जर्मन सैनिक युद्धकैदी झाला आणि 1948 मध्ये सुटला. 1964 साली त्याने ‘आशेचे धर्मशास्त्र’ लिहिले. पुढे त्याने दोन लॅटिन शब्दांत भेद केला. ‘फुतुरुम’ म्हणजे आजमधूनच उगवणारा उद्या. ‘आद्वेन्तुस’ म्हणजे आपल्याकडे चालून येणारे, आजच्या हिशेबात न बसणारे काही. मराठी माणसाला हा भेद फोड करून सांगायलाही नको. आपले ‘भविष्य’ ‘भू’ म्हणजे होणे या धातूचे, ‘आगमन’ ‘गम्’चे, आणि ते दोन लॅटिन शब्द याच दोन मुळांचे दूरचे भाऊबंद आहेत. भविष्य आपण वर्तवतो. आगमनाची वाट पाहतो.

आज अडचण वेगळी आहे. नोव्हेंबर सरण्याआधी दुकानांत झाड उभे राहते, केकची जाहिरात लागते, आणि पंचवीस तारीख उजाडेपर्यंत सण खाऊन संपलेला असतो. वाट पाहणे म्हणजे सेवेतली त्रुटी, असे आपल्याला शिकवले गेले आहे. त्यामुळे मागे गोड आठवण उरते आणि पुढचे टोक सुटते. मग नाताळ हा एका जुन्या बाळाचा वाढदिवस होतो. ज्या जगात कोठड्या आहेत आणि निराधार मुले आहेत, त्या जगाशी त्याचा संबंध उरत नाही. पौलाने ज्यांना कामाला लावले आणि यशयाच्या संदेष्ट्याने ज्यांना रस्ता काढायला सांगितले, त्यांना ही सुट्टी परवडणारी नव्हती.

चर्चचे पंचांग मात्र आपल्या जागेवर ठाम आहे. त्याचे नवे वर्ष 1 जानेवारीला सुरू होत नाही, 25 डिसेंबरलाही नाही. ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते : चारांपैकी एकच मेणबत्ती पेटलेली असताना.