यादीत नसलेली नावे

वाचन : प्रेषितांची कृत्ये 6:1-7, रोमकरांस पत्र 13:1-7



चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी बंगालच्या उपसागरास मिळते तेथे एन्नोरची खाडी आहे. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाच्या पुराबरोबर मणलीच्या औद्योगिक भागातून तेल वाहत आले आणि खाडी काळी झाली. नावा व जाळी तेलाने माखली. कोळी बांधव मग आणि बादल्या घेऊन हातांनीच तेल उपसत होते. राज्य शासनाने 2,301 कोळी कुटुंबांना प्रत्येकी 12,500 रुपये व 787 नावांसाठी प्रत्येकी 10,000 रुपये मदत जाहीर केली.

हे योग्यच झाले. परंतु वाटप म्हटले की यादी येते, आणि ज्याची नाव आहे त्याचे नाव यादीत सहज लागते. त्याच खाडीत इरुळर आदिवासी स्त्रीपुरुष पाण्यात उतरून हातांनी चाचपून कोळंबी धरतात. त्यांच्या हातांचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहावे?

यरुशलेमच्या मंडळीपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. कुरकुर झाली, प्रेषितांनी मात्र कुरकुर करणाऱ्यांस कृतघ्न म्हटले नाही. त्यांनी सर्व शिष्यांस बोलावले, व्यवस्था बदलली आणि सात जण नेमले. त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा वगळल्या गेल्या, बहुधा त्यांच्यातीलच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले.

भाषांतर करताना या अध्यायातील एका शब्दापाशी मी नेहमी थबकतो. तो शब्द म्हणजे ‘दियाकोनिया’, अर्थात सेवा. लूक तो अन्नवाटपासाठी वापरतो आणि वचनाच्या सेवेसाठीही तोच वापरतो. मराठीत आपण एके ठिकाणी ‘वाटणी’ आणि दुसरीकडे ‘सेवा’ लिहितो. मग वाचकास एक काम ऐहिक व दुसरे आत्मिक वाटू लागते. मुळात तसा भेद नाही. पौल तर याच कुळातील ‘दियाकोनोस’ हा शब्द रोमकरांस पत्र 13:4 मध्ये राज्यकर्त्याला लावतो : तो आपल्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक होय. तेव्हा रोमच्या सिंहासनावर नीरो होता, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दाचे धाडस कळते. सत्ताधीश स्वतःस काहीही म्हणवून घेवो. देवाने त्याला वाढप्याचे काम दिले आहे. वाढप्याने पंगतीत भेद केला, तर त्याला जाब विचारणे हा अधिकाऱ्यांचा अवमान नव्हे.

म्हणूनच शासनाची मदत ही भीक नव्हे. हे आपल्या महाराष्ट्राने ओळखले होते. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे हजारो हातांचा आधार झाली. 1977 मध्ये त्या हमीचा कायदा झाला, आणि काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. 2005 मध्ये त्याच विचाराचा कायदा देशासाठी झाला.

यादीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्यालाही ठाऊक आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यांत आले. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. हा न्याय आपण मागितलाच पाहिजे. पण प्रियहो, केवळ आपल्याच नावासाठी आपण दार ठोठावतो काय? आपल्या मंडळीच्या शाळेत, वसतिगृहात, कमिट्यांत कोणाची नावे पिढ्यान्पिढ्या नाहीत? ती तपासल्यावाचून शासनास जाब विचारू, तर आपला आवाज पोकळ ठरेल.

या आठवड्यात एक करा. आपल्या वस्तीतील एखाद्या विधवेचा अडलेला अर्ज हाती घ्या आणि तिच्याबरोबर कचेरीत जा. ती आपल्या मंडळीची नसली तरी जा. ते काम प्रार्थनासभेहून कमी समजू नका. त्याचेही नाव दियाकोनियाच आहे.

जो सेवा करून घ्यायला नव्हे तर सेवा करायला आला, तो प्रभू आपल्या राज्यकर्त्यांस व आपणांस खरे सेवक करो. आमेन.