गोळीच्या सुट्टीचे तास

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या अगरा तलावाच्या काठाने सकाळी चालताना मराठी कानावर पडलं की माझे पाय आपोआप मंदावतात. मुलांच्या नोकरीपायी सांगली-सोलापूरकडून येऊन राहिलेली बरीच मंडळी तिथे भेटतात. त्यांतल्या एका गृहस्थांचं वाक्य मला अजून टोचतंय. ‘‘आता छातीत काही म्हणजे काही होत नाही. मग त्या गोळ्या कशाला चालू ठेवायच्या?’’ सोबतच्या दोघांनी माना डोलावल्या, आणि विषय मुलाच्या नव्या फ्लॅटकडे वळला.

मला रागच आला. मीठ, तंबाखू, जिने, तेलतूप यांबद्दल सगळ्यांना सगळं पाठ असतं, त्यात मी शिरत नाही. पण अंजायनाच्या, म्हणजे हृदयामुळे छातीत येणाऱ्या कळेच्या, औषधांतला एक मूळ भेद आपल्या घरांत फारसा पोहोचलेला नाही. एक गोळी दुखणं मोडते, दुसरी ते येऊच देत नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट पहिल्या जातीची. छाती आवळली, गोळी ठेवली, काही मिनिटांत सैल वाटलं. काम डोळ्यांसमोर होतं, म्हणून तिच्यावर लोकांचा जीव. मोनोट्रेट किंवा हृदयाचा वेग आवरणारी मेटोप्रोलॉल दुसऱ्या जातीच्या. त्यांचं काम म्हणजे न आलेली कळ. आणि जे घडलंच नाही त्याचं श्रेय द्यायला माणसाचं मन सहसा तयार होत नाही. ऐन कळेत या दुसऱ्या जातीच्या गोळीचा उपयोग नसतो, हेही अनेकांना माहीत नसतं.

त्या गृहस्थांना मला विचारायचं होतं: काही होत नाही ते गोळीमुळे, की तुम्ही चालणंच कमी केलंत म्हणून? विल्यम हेबर्डेन या इंग्रज डॉक्टरने 1768 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हाच त्याने टिपलं होतं की ते चालताना येतं, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, आणि माणूस थांबला की जातं. म्हणजे थांबत राहणाऱ्या माणसाला आपण बरे झालो असं वाटू शकतं. दोन बाक कमी चालायचं, जिन्याऐवजी लिफ्ट, मंडईऐवजी दहा मिनिटांत घरपोच भाजी. दुखणं दिसत नाही कारण त्याला उभं राहायला जागाच दिलेली नसते.

इथवर मी त्यांच्या पूर्ण विरोधात होतो. औषध लिहून दिलंय ना, मग प्रश्न न विचारता नेमाने घ्यावं, असं माझं मत होतं. ते मत ढासळलं ते खुद्द या औषधाच्या इतिहासामुळे.

सॉर्बिट्रेट आणि मोनोट्रेट या नायट्रेट कुळातल्या गोळ्या, आणि त्याच कुळातलं नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक. आल्फ्रेड नोबेलचं डायनामाइट त्याचंच, 1867 सालचं. विल्यम मरेलने ते आधी स्वतःवर करून पाहिलं आणि 1879 मध्ये अंजायनावरचं औषध म्हणून त्यावर लिहिलं. पुढे खुद्द नोबेलला हृदयासाठी डॉक्टरांनी हेच सुचवलं. पण मला जास्त ओढ वाटते ती डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांच्या गोष्टीची. सोमवारी कामावर आले की त्यांचं डोकं भयंकर दुखायचं. आठवड्याच्या मध्यापर्यंत शरीर सरावायचं, डोकेदुखी जायची. रविवारच्या सुट्टीत सराव मोडायचा आणि सोमवारी पुन्हा तेच. काही जण सराव टिकावा म्हणून टोपीच्या पट्टीत थोडं नायट्रोग्लिसरीन लावून घरी न्यायचे. आणि काहींना सुट्टीच्याच दिवशी छातीत कळा यायच्या, क्वचित मृत्यूही ओढवायचा, कारण इतके दिवस सैलावलेल्या रक्तवाहिन्यांचा आधार एकाएकी निघून जायचा.

या एकाच गोष्टीत दोन धडे आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. औषध सतत मिळत राहिलं तर शरीर त्याला दाद देईनासं होतं. औषध अचानक तुटलं तर शरीर बंड करतं. नायट्रेटच्या गोळ्यांचं वेळापत्रक या दोघांच्या मधून काढलेली वाट आहे. साधी मोनोट्रेट दिवसातून दोनदा असेल, तर बहुधा सकाळी उठल्यावर एक आणि त्यानंतर सुमारे सात तासांनी दुसरी. मग रात्रभर शरीराला सुट्टी, साधारण दहा ते चौदा तासांची. ज्यांना कळ रात्रीच येते त्यांचं वेळापत्रक डॉक्टर वेगळं बांधतात. ही सुट्टी एकादशीच्या उपासासारखी आहे. त्या दिवशी न जेवणं हा नेमाचाच भाग असतो, त्याला कोणी जेवण चुकलं म्हणत नाही.

आता आज्ञाधारक घराची कल्पना करा. दिवसातून दोनदा असं लिहिलंय, म्हणून प्रेमळ मुलगा फोनवर सकाळी आठ आणि रात्री आठचा गजर लावून देतो. एकही गोळी चुकत नाही. आणि तरीही रक्तवाहिन्यांना पुरेशी सुट्टी मिळत नाही, गुण हळूहळू ओसरतो. नेम काटेकोर, कारण ठाऊक नाही. तसंच पाकिटावर एसआर ही अक्षरं असतील तर गोळी सावकाश विरघळणारी असते. गिळायला सोपी जावी म्हणून ती चुरली, तर दिवसभराचा साठा एकदम अंगावर येतो. नाव तेच, मिलिग्रॅम तेवढेच, पण साधी आणि एसआर या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे घरपोच औषध मागवताना कोण पाहतं?

सगळ्यांत अवघड आहे एक न विचारला जाणारा प्रश्न. नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. सिल्डेनाफिल मुळात अंजायनासाठीच तपासली जात होती. 1998 मध्ये ती वेगळ्याच कामासाठी, पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेसाठी, बाजारात आली. बंगळूरमध्ये सासरे मराठी बोलतात, डॉक्टर इंग्रजी किंवा कन्नड, आणि मध्ये दुभाषी म्हणून सून बसलेली. अशा खोलीत सत्तरीतला माणूस या गोळीबद्दल तोंड उघडेल का? डॉक्टरांनीच सुनेला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगावं, आणि प्रश्न मोडक्या हिंदीत का होईना, थेट विचारावा. इथे संकोच हीच खरी जोखीम आहे.

पुन्हा त्या गृहस्थांकडे येतो. स्थिर अंजायनात नायट्रेट कळ कमी करते, चालणं सुकर करते. पण तिने आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. अँजिओप्लास्टीनंतर किंवा कळ बराच काळ न आल्यास डॉक्टर ती कमी करतात, बंदही करतात. म्हणजे ‘काही होत नाही, मग कशाला?’ हा प्रश्न रास्तच होता. तो चुकीच्या ठिकाणी विचारला गेला, तळ्याकाठी, माना डोलावणाऱ्यांसमोर. आणि त्यात सगळ्या गोळ्यांची मोट बांधली गेली. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी कळेसाठी नसतातच; पुढचा झटका टळावा म्हणून असतात, त्यांना हा प्रश्न लागू नाही. मेटोप्रोलॉल एकाएकी सोडली तर अंजायना उसळू शकतो, झटकाही येऊ शकतो. ती उतरवायची झाली तर पायरीपायरीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

प्रश्न न विचारता गोळी घेणारा माणूस सुरक्षित, असं मी आता म्हणणार नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘दिवसातून दोनदा’ लिहून थांबू नये. सकाळी सात आणि दुपारी दोन असं घड्याळ लिहावं, रात्रीची सुट्टी का ते एका ओळीत सांगावं, राहून गेलेली गोळी पुढच्या गोळीसोबत दुप्पट करून घ्यायची नाही हेही सांगावं. पहिल्या दिवसांतलं डोकं दुखणं आणि उठताना येणारी गरगर अपेक्षित असते, बहुधा ओसरते, हे आधीच कळलं तर कितीतरी लोक चौथ्या दिवशी गोळी टाकून देणार नाहीत. आणि घरच्यांनी हे पक्कं धरावं: कळ आलीच तर जागच्या जागी बसायचं, जिभेखालची गोळी ठेवायची, पाच मिनिटांत उतार नाही तर 108 ला फोन. मुलगा मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही.