चूक कोणाच्या खात्यावर?

१९९० साली लॉर्ड्सवर ग्रॅहम गूच ३६ धावांवर असताना संजीव शर्माच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक किरण मोरेच्या हातून त्याचा झेल सुटला. पुढे गूचने ३३३ धावा केल्या आणि भारत २४७ धावांनी हरला. त्या सामन्याचा धावफलक आज उघडून पाहा. गूचच्या धावा आहेत, शर्माने दिलेल्या धावाही आहेत. सुटलेला झेल मात्र कुठेच नाही. चूक एकाची, भुर्दंड दुसऱ्याच्या खात्यावर!

पॉली उम्रीगरांच्या या जन्मगावी, पार्क मैदानावर क्रिकेट पाहत मी लहानाचा मोठा झालो. त्यात काही वावगे आहे असे कधी वाटले नाही. शालेय स्पर्धांसाठी बेसबॉलचे नियम वाचावे लागले, तेव्हा हा प्रश्न पडला.

बेसबॉलच्या फलकावर धावा आणि हिट यांच्या शेजारी चुकांचा वेगळा रकाना असतो. सर्वसाधारण प्रयत्नाने जमले असते ते क्षेत्ररक्षकाला जमले नाही, तर अधिकृत गुणलेखक ती चूक त्याच्या नावावर लिहितो. अशा चुकीमुळे पहिला तळ गाठणाऱ्या फलंदाजाला हिटचे श्रेय मिळत नाही. पुढे गुणलेखक विचार करतो की, ही चूक झालीच नसती तर डाव कसा गेला असता? त्या हिशेबात जी धाव झाली नसती, ती पिचरच्या सरासरीत धरली जात नाही. मात्र संघाच्या धावसंख्येत ती धरली जातेच. सामन्याचा निकाल बदलत नाही. दोष कोणाचा, एवढेच नोंदले जाते.

ही व्यवस्थाही निर्दोष नाही. जो क्षेत्ररक्षक जिवाच्या आकांताने धावत चेंडूपर्यंत पोचतो आणि मग त्याला सोडतो, त्याच्यावर चूक लागू शकते. जो मुळात हललाच नाही, त्याची वही बहुधा कोरीच राहते. वर्गातही हेच नाही का? हात वर करून चुकीचे उत्तर देणारा पोर सर्वांच्या लक्षात राहतो, गप्प बसणारा नाही.

एका वर्षी निवडणुकीच्या कामात माझे बरेच तास गेले आणि नववीच्या बीजगणिताचे शेवटचे दोन धडे राहिले. प्रश्नपत्रिका बाहेरून आलेली होती, त्या धड्यांवरचे प्रश्न तीत होते. एक मुलगी चार गुणांनी नापास झाली. गुणपत्रिका मीच भरली. तिच्या नावापुढे तिचे गुण लिहिले. मी न शिकवलेल्या धड्यांसाठी रकानाच नव्हता. तिचे अब्बा शाळेत आले आणि म्हणाले, “सर, हिचं डोकंच चालत नाही. आता आईबरोबर बिड्या वळील.” मी ‘विचार करा’ एवढेच म्हणालो. खरे काय ते सांगितले नाही.

निवडणुकीचे काम माझ्या हाती नव्हते, हे खरे. पण जादा तास घेणे माझ्या हाती होते आणि त्या दिवशी तोंड उघडणेही.

रकाना असता तर ती पास झाली असती का? नाही. चार गुण कमीच राहिले असते. पण आपले डोके चालत नाही, हा निकाल तिने स्वतःवर ओढून घेतला नसता. ज्याची चूक त्याच्या नावावर लिहिण्याचे मोल एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

आता दर वर्षी निकाल भरताना मी शेजारी एक वही ठेवतो. काय शिकवायचे राहिले, ते तीत लिहितो आणि पालक आले की वही त्यांच्यापुढे उघडतो. त्या मुलीच्या घरी मात्र अजून गेलेलो नाही. तेही लिहून ठेवले आहे.