आईचं काम आलंय म्हणून

चि. केतकीस,


फोनवर तुझा आवाज रडवेला होता. पस्तिशीत तिशीच्या नायकाची आई करायला मालिकेत बोलावलं, याचा राग येणारच. तरी लगेच ‘नाही’ कळवू नकोस.

अभिनेत्री रीमाताई लागूंचंच बघ. त्यांचा जन्म १९५८चा. १९८९ साली ‘मैंने प्यार किया’त त्या सलमान खानच्या आई झाल्या, तेव्हा त्याच्याहून जेमतेम सात वर्षांनी मोठ्या. पुढे ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई, तो तर वर्षभरानेच धाकटा! पण पोटच्या पोराला स्वतः गोळी घालणारी ती बाई बघताना कुणाला जन्मसाल आठवलं? तेव्हा मालिकावाल्यांना वय विचारत बसू नकोस. ही बाई गोष्टीत करते काय, ते विचार. पूजेचं ताट आणि पदराने डोळे पुसणं, एवढंच असेल तर खुशाल सोड.

हिंदी सिनेमाने रीमाताईंना एकाच साच्यात घातलं, असं माझं ठाम मत आहे. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकातली त्यांची अंबिका आठव. समोर नाना पाटेकरांचा गुलाबराव, दिग्दर्शन विजयाबाई मेहतांचं. ‘सविता दामोदर परांजपे’मध्ये तर एकाच देहात दोन बायका उभ्या करायच्या, तेही रिटेकशिवाय. ते बळ तिकडच्या किती भूमिकांनी मागितलं? म्हणून मालिका घेतलीस तरी नाटक सोडू नकोस. एका नाईटचे पैसे मालिकेच्या एका दिवसापुढे किरकोळ वाटतील, वाटू देत.

आता नोकरीचं. राजीनामा लिहून ठेवलायस म्हणे. तो फाड. रीमाताई मूळच्या नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे स्वतः ‘लेकुरे उदंड जाली’त गाजलेल्या. घरातच रंगभूमी, तरी लेकीने युनियन बँकेत दहाएक वर्षं नोकरी केली, आंतरबँक स्पर्धांतून कामं केली. महिन्याचा पगार हातात असला की भिकार भूमिकेला नाही म्हणता येतं, ही सोय थोडीथोडकी नाही. मालिकेचे पैसे तीन-तीन महिन्यांनी मिळतात, हे तुला कुणी सांगितलंय का?

२०१७च्या मे महिन्यात रीमाताई गेल्या, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आदल्या दिवसापर्यंत मालिकेचं चित्रीकरण चालू होतं. लोक हे कौतुकाने सांगतात. मला तसं सांगवत नाही. तू शिफ्टचे तास आधी ठरवून घे.

करारावर सही करण्यापूर्वी शनिवार-रविवारच्या प्रयोगांच्या तारखा त्यात लेखी घाल. तोंडी ‘बघू, अॅडजस्ट करू’ म्हणणाऱ्यावर विसंबू नकोस. ऐन दौऱ्यात तोच फोन उचलत नाही. नाटकाच्या निर्मात्यालाही आजच कळव, त्याला बाहेरून कळलं तर तुझ्या जागी दुसरी उभी करेल आणि त्याचं काही चुकणार नाही. बिनपगारी रजा मिळते का, ते सोमवारी ऑफिसात विचार आणि मला कळव.

तुझी,
मावशी