फळ कोणाच्या हाती

उज्जैनच्या अंकपात भागात सांदीपनींचा आश्रम दाखवतात. भागवतातल्या कथेप्रमाणे कृष्ण आणि बलराम इथे शिकायला आले आणि चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकून गेले. त्याच्या थोडेच आधी मथुरेच्या आखाड्यात त्यांनी कंसाच्या पदरचे मल्ल, चाणूर आणि मुष्टिक, लोळवले होते. एकीकडे पदरचे मल्ल, दुसरीकडे गोकुळातली दोन पोरे. खेळाबद्दलची आपली एक जुनी समजूत या चित्रात नेमकी बसते: विद्यार्थ्याचा खेळ निर्मळ, पगारी खेळाडूचा खेळ धंदा. पुढे याच विद्यार्थ्याने कुरुक्षेत्रावर फळाची आस सोडायला सांगितले, त्यामुळे या समजुतीला जणू धर्माचाच आधार मिळाला. मला ही वाटणी चुकीची वाटते. निष्काम खेळणे वेगळे आणि फुकट खेळणे वेगळे. या दोहोंची गल्लत झाली की फायदा तिसऱ्याचाच होतो.

आधी फळ म्हणजे काय ते पाहू. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो घ्यायला खेळाडू रेषेवर उभा राहतो. रिंग जमिनीपासून १० फूट उंच, बोर्ड रेषेपासून सुमारे १५ फूट लांब, अडवायला समोर कोणी नाही. गुडघे किती वाकवायचे, कोपर कुठे ठेवायचे, मनगट कधी मोडायचे, हे सगळे त्याच्या ताब्यात असते. चेंडू बोटांवरून सुटला की ताबा संपला. आता तो जाळीत पडेल किंवा रिंगवर आदळून बाहेर येईल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने कर्म आणि फळ यांच्यामध्ये ओढलेली रेघ इथे डोळ्यांना दिसते. या अर्थाने पगार हे फळ नव्हेच. तो कष्टाचा ठरलेला मोबदला आहे आणि नेम चुकला तरी द्यावाच लागतो. 'गीतारहस्या'त टिळकांनी कर्मयोग मांडला तो संसारात राहून कामे करणाऱ्यांसाठी. पोटापाण्याचा उद्योग त्यांनी त्यातून वगळला नाही.

फुकट खेळण्यातून काय निपजते, याचा पुरावा अमेरिकेत मिळतो. तिथल्या कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेने कित्येक दशके हौशीपणाचे सोवळे पाळले: खेळाडूला शिष्यवृत्ती मिळेल, कमाईत वाटा मिळणार नाही. सोवळे फक्त मुलांना होते. २०१० मध्ये याच संस्थेने बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा १४ वर्षांचा करार १०.८ अब्ज डॉलरला केला. एड ओबॅनन हा १९९५ च्या विजेत्या यूसीएलए संघाचा मोहरा. त्याच वर्षी न्यू जर्सी नेट्सने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले. एनबीएत तो जेमतेम दोन हंगाम टिकला, मग परदेशांतल्या संघांकडून खेळला आणि शेवटी लास वेगासकडे मोटारी विकू लागला. पुढे एका व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःचीच छबी दिसली: तोच संघ, तोच ३१ क्रमांक, तोच डावखुरा हात. नाव तेवढे नव्हते, आणि त्याच्या वाट्याला छदामही आला नव्हता. २००९ मध्ये त्याने दावा लावला. २०२१ मध्ये खेळाडूंना आपल्या नावावर कमावण्याची मुभा मिळाली आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठांना त्यांना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. तोवर त्या मुलांनी फळ सोडले होते असे कसे म्हणणार? ते कधी त्यांच्या हाती आलेच नव्हते.

त्यागाआधी हक्क लागतो, हे उज्जैनला नव्याने सांगायला नको. शिप्राकाठच्या गुंफा ज्याच्या नावाने ओळखल्या जातात, त्या भर्तृहरीची अमरफळाची कथा प्रसिद्धच आहे. राजाने फळ राणीला दिले, राणीने प्रियकराला, प्रियकराने गणिकेला, आणि गणिकेने ते पुन्हा राजाच्या हाती ठेवले. फळ चौघांनीही सोडले. हातचे सोडणे हेच वैराग्य असते, तर राणीही योगिनी ठरली असती. विरक्त झाला तो राजा, आणि त्याचा त्याग खरा ठरला, कारण राज्य त्याचे होते.

पैसा आला की आसक्ती वाढते, करार हुकला की माणूस खचतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नाही. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर सतनाम सिंगला निवडले, तेव्हा सारा देश हरखला. एनबीएचा एकही सामना मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. पण आसक्ती पैशानेच येते का? उज्जैन हे मल्लखांबाचे मोठे केंद्र. १९८१ मध्ये या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा इथेच झाली आणि इथल्या योगेश मालवीयांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. एनबीएसारखे कोट्यवधींचे करार या खेळात नाहीत. तरीही एरंडेल चोपडलेल्या खांबावर अढी घालून उलटा लटकलेला मुलगा पदकाचा, गुणांचा, क्रीडा कोट्यातल्या नोकरीचा विचार करू शकतोच. तेवढ्यात पकड ढिली पडली तर तो घसरतो. पगाराचा विचार असो की पदकाचा, खांबाला दोन्ही सारखेच.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: मग हा सारा उपदेश म्हणजे राबणाऱ्याला गप्प बसवण्याची युक्तीच ना? तसा वापर होतो, हे मान्य करावे लागेल. पण उपदेश कोण करतो ते पाहावे. कृष्णाने तो सारथ्याच्या जागेवरून केला. पांडव जिंकले तरी राज्यात त्याचा वाटा नव्हता. दुसऱ्याच्या घामाचे फळ स्वतः खाणाऱ्याला निष्कामतेचे धडे देण्याचा अधिकार नाही. ही शिकवण खेळाडूने स्वतःला, रेषेवर उभे असताना द्यायची असते. संयोजकाने त्याला, हिशेबाच्या वेळी नव्हे. सांदीपनींच्या कथेचा शेवटही हेच सांगतो. शिक्षण संपल्यावर कृष्णाने गुरूला अनासक्तीचे महत्त्व समजावले नाही. तुमची दक्षिणा काय, असे विचारले. गुरूने समुद्रात बुडालेला मुलगा मागितला, आणि शिष्याने तो यमलोकातून आणून दिला.